दरपत्रकात नसलेली उंटीण

जव्हार संस्थानाच्या नाक्यावरच्या दरपत्रकात हत्ती होता. या डोंगरात हत्ती चढवून आणण्याइतकं वेड अजून कोणाला लागलं नव्हतं, तरी होता. घोडा होता, बैल होता, रेडा, गाढव, पिंजऱ्यातलं पाखरू, डोक्यावरचा भारा आणि खांद्यावरची कावड, सगळं होतं. उंट नव्हता.

शिवरामपंत चौबळ त्या दरपत्रकाखाली अठरा वर्षं कारकुनी करत बसले होते. पण ही उणीव त्यांच्या ध्यानात आली ती मार्गशीर्षातल्या एका सकाळी. दिल्लीला बादशहाचा दरबार भरला त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. उंटाची मान नाक्याच्या आडव्या बांबूवरून पलीकडे, मोखाड्याच्या इंग्रजी मुलखात पोचली होती आणि उरलेला उंट अलीकडे संस्थानात उभा राहून रवंथ करत होता.

"थांबा!" पंत म्हणाले. उंट थांबलेलाच होता, पण सरकारी हुकूम सांगावा लागतो.

उंटाबरोबर जेसंग नावाचा रबारी, गुजराथेतला फिरता उंटपाळ, होता. पाच गाढवांवर मिठाच्या गोण्या लादून तो त्र्यंबकाकडे निघाला होता. "साहेब, मादी आहे," तो आपल्या गुजराथी वळणाच्या मराठीत म्हणाला. "आठ दिवसांची बाळंतीण." उंटिणीच्या मागच्या पायांआडून एक पिल्लू डोकावलं. चार काठ्यांवर कोणी कांबळं वाळत घालावं, तसं दिसत होतं.

"गाढवं जाऊ शकतात," पंतांनी चष्मा पुसत निकाल दिला. "गाढव दरपत्रकात आहे."

"गाढव सगळीकडंच असतं," नाक्यावरचा शिपाई ढवळू बांबूला टेकून हळूच म्हणाला. ढवळू वारली. त्याच्या बोलीत राजाला तूच आणि रंकालाही तूच, त्यामुळे पंतांनाही तू. अठरा वर्षं हा तू पंतांना रोज थोडाथोडा टोचत होता. "हिला हत्तीत लिही ना, दादा."

"सोंड कुठे आहे?"

"मग बैलात लिही."

"शिंगं कुठे आहेत?"

"मग माणसात लिही. तोंड तर सासूवानी करून ऱ्हायलीय."

पंतांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. पंतांचं शास्त्र साधं होतं. नोंदीत जे नाही ते नाही, आणि जे मुळात नाही ते नाक्यावरून पलीकडे जाणार कसं? त्यांनी टाक बुडवला, 'सदरहू उंच जनावराबाबत मार्गदर्शन व्हावे' असा कागद वरच्या कचेरीला लिहिला आणि उत्तर येईतो उंटीण नाक्यावर अडकवून ठेवली.

जेसंग भांडेल, रडेल, पाया पडेल, या साऱ्याला पंत तयार होते. तो हसला. घाटाच्या चढणीला बाळंतीण कशी नेऊ या चिंतेत तो तीन दिवस होता, आणि इथे अख्खं संस्थान तिची राखण करायला पुढे आलं होतं! "होळीच्या आधी येतो," तो म्हणाला. "तिला चार सड आहेत, साहेब. दोन पिल्लाचे, दोन पाळणाऱ्याचे. हा आमचा धरम. आणि तिला गाणं म्हणावं लागतं. गाण्याशिवाय ती दूध सोडत नाही."

"संस्थान दुधासाठी जनावरं अडकवत नसतं," पंत ताठ होऊन म्हणाले. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात कमी टिकलेलं वाक्य ते हेच.

पंतांचं घर नाक्याच्या पाठीमागेच होतं. तीन पायऱ्या, पडवी, माजघर. त्या तीन पायऱ्या त्यांच्या कुटुंबाला, राहीबाईंना, भाद्रपदापासून चढवत नव्हत्या. हिवताप आला, गेला, पुन्हा आला आणि जाताना डाव्या बरगडीखाली पानथरी, म्हणजे सुजलेली प्लीहा, ठेवून गेला. पोट तिथे दगडासारखं लागायचं. तोंडावर हळद फासल्यासारखा पिवळेपणा आला होता. पडवीपर्यंत आल्या तरी खांबाला धरून उभ्या राहायच्या, आणि धाप अशी लागायची की पंत आतल्या आत तिच्याबरोबर श्वास मोजायचे. बाहेरून मात्र म्हणायचे, "अगं, उन्हात कशाला आलीस?" यापलीकडचं काही बोलायची त्यांना सवयच नव्हती.

औषधांची वाण नव्हती. टपालवाले मास्तर पोस्टातली हिवतापावरच्या कोयनेलची पुडी देत होते आणि ती एकच खरी म्हणत होते. ढवळूच्या पाड्यावरचे मंगळू भगत तांदूळ पाहून कोंबडी सांगून गेले होते. शेजारच्या हवालदारीण गोजाबाई तर दिवसाआड नवा तोडगा आणायच्या. त्यात उंटीण अडकवल्यावर दहा दिवसांनी वैद्यबुवा आले. नाडी पाहिली, पोट दाबलं, पाणी मागितलं, आणि पाणी पिताना त्यांची नजर परसात गेली. तिथे उंटीण गोजाबाईंच्या वळचणीचं गवत उपसून खात होती.

"उंटीण!" वैद्यबुवांच्या हातातला गडू हिंदकळला. "पंत, अहो, पोथीत आहे! पानथरीला उष्ट्रीचं दूध. पण या डोंगरात ते द्यायचं कोणी, म्हणून मी आजवर तोंडातून काढलं नाही. बेचाळीस दिवस. पहाटेचं, धारोष्ण, अनशापोटी."

पंतांनी त्या दिवशी पहिल्यांदा दरपत्रकाकडे कृतज्ञतेने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोहीम निघाली. पिल्लू लावलं, उंटीण पान्हवली नाही. ढवळूने फुंकायचा भोपळ्याचा तारपा आणला. "आमच्या तारप्यावर भुतंबी नाचतात," म्हणत त्याने गाल फुगवले. पहिला सूर निघाला मात्र, उंटिणीने चरवी उडवली, दावं तोडलं आणि ओढ्याकडे जी गेली ती फागीच्या वाडीपाशीच थांबली. फागी म्हणजे ओढ्याकाठी वाल-वांगी लावून जव्हारच्या बाजारात विकणारी वारलीण. तिच्या वाडीला काट्यांचं कुंपण होतं. उंटिणीने ते बोरी-बाभळीचं कुंपण, आपण चिवडा खातो तसं, चवीचवीने खाल्लं. तिने पाडलेल्या भोकातून पाड्यावरची सगळी शेरडं आत शिरली.

फागी नाक्यावर आली ती मुळासकट उपटलेला वेल हातात घेऊन. "कारकूनदादा! काटं खाणारं जनावर आणलंस तू? देवानी काटं कशापायी केलं? न खायासाठी केलं ना? मंग आता मी वाडीला काय घालू? तुझं कागद घालू?"

"सरकारी जनावराने केलेल्या नुकसानीबाबत..." पंतांनी सुरुवात केली.

"सरकारला बोलव. येऊन राखण कर म्हणावं. ह्या वाडीवर माझी तीन पोरं खातात!"

पंतांनी दरपत्रक बाजूला ठेवलं. दोन दिवस पंत फागीच्या वाडीला कुंपण घालत होते. कमरेला उपरणं बांधून, विळा घेऊन, रानातून काट्याच्या फांद्या ओढत. संस्थानचे कारकून! उजव्या हाताच्या बोटांत एवढे काटे मोडले की त्या आठवड्याची नोंदवही डाव्या हाताने लिहिली गेली. ती पाहून वरच्या कचेरीने 'नाक्यावर नवीन इसम परवानगीवाचून नेमला काय?' अशी विचारणा केली. त्याच लखोट्यात उंटाबद्दलचंही उत्तर होतं. सदरहू जनावर पाळीव, वन्य की धार्मिक, याचा खुलासा मागवला होता.

आणि दूध? दुधाचा थेंब नव्हता. पंतांनी आरत्या म्हणून पाहिल्या. उंटिणीने डोळे मिटले, पण ते कंटाळ्याने. गोजाबाईंनी सुचवलं म्हणून अंगाईगीत म्हटलं, तर पिल्लू झोपलं. शेवटी वैतागून त्यांनी नाक्याचे नियमच चालीवर म्हटले. चौथ्या कलमाला ती त्यांच्या पगडीवर थुंकली.

आठव्या पहाटे पंत रिकामी चरवी घेऊन तिच्या पोटाशी उकिडवे बसले होते. थंडीने हात बधिर झालेले. भिंतीपलीकडे राहीबाई कण्हत कूस बदलत होत्या. एरवी या वेळी त्या घरातून जात्याची घरघर यायची. भाद्रपदापासून ती थांबली होती. पंतांना काय झालं त्यांचं त्यांना कळलं नाही, पण त्यांच्या ओठांतून, दबक्या, बेसूर आवाजात निघालं:

*"उगवला नारायण, त्याला कुणी गं जागं केलं,*
*माझ्या जात्याच्या घरघरीनं त्याचं पांघरूण ओढून नेलं."*

उंटिणीने रवंथ थांबवला. कान वळवले.

*"दळण सरलं, सूप ठेविलं दाराशी,*
*माझं माहेर गं बाई, समिंद्राच्या शेजाराशी."*

आणि चरवीत सर्रकन धार वाजली.

पंत रडले की नाही, हे अंधार असल्यामुळे सांगता येत नाही. ते गातच राहिले. एकामागून एक ओव्या येत होत्या, भावाच्या, माहेरच्या खाडीच्या, तुळशीच्या, रुसलेल्या नणंदेच्या. बायकांच्या ओव्या पुरुषाने म्हणायच्या नसतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण अठरा वर्षं पहाटे डोळे मिटून, झोपेचं सोंग घेऊन, एवढा एकच माणूस त्या ऐकत आला होता.

भिंतीपलीकडून क्षीण आवाज आला, "समिंद्राच्या नव्हे... 'समिंदराच्या' म्हणा. लांबवा जरा. अडखळता."

पंतांच्या हातातला सड सुटता सुटता राहिला.

चरवी घेऊन ते आत गेले तेव्हा दोघंही एकमेकांकडे बघत नव्हती. राहीबाई दूध प्यायल्या. जरा खारट होतं. "समुद्राकाठच्या विहिरीच्या पाण्यासारखं लागतं," त्या म्हणाल्या, आणि भाद्रपदापासून पहिल्यांदा त्यांच्या गालाला हसताना पडते ती खळी पडली.

पाच-सहा दिवसांत पंतांच्या जवळच्या ओव्या संपल्या. उंटिणीला शिळी ओवी चालत नसे, दुसऱ्यांदा ऐकली की आखडायची. राहीबाई आतून नव्या सांगायच्या, पण एका पहाटे त्यांना झोप लागलेली होती. आता काय करावं? पंतांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. घसा साफ करून त्यांनी स्वतःची पहिली ओवी रचली:

*"घर माझं मुकं, जातं बसलं कोन्याला,*
*उतर गं दूध बाई, माझ्या घरच्या सोन्याला."*

धार लागली. पण कोणी नव्हतं, हा पंतांचा समज. राहीबाई जाग्या होत्या आणि कुडाच्या पलीकडे गोजाबाई शेणी थापत होत्या. राहीबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गोजाबाईंना ही कला अवगत नव्हती. दुपारपर्यंत हवालदाराला कळलं, संध्याकाळी टपालवाल्यांना, आणि मंगळवारच्या बाजारात पंत मिरच्या घेत असताना मागून कोणीतरी हाळी दिली, "ओवीपंत, सोनं कसं आहे आता?"

पंतांनी मिरच्या तशाच ठेवल्या आणि मान खाली घालून घरी आले. संस्थानच्या नोकरीत अठरा वर्षं कमावलेला आब एका ओवीने गेला! पण पायऱ्यांपाशी पाहतात तो राहीबाई पडवीत उभ्या. खांबाला न धरता. गेलेल्या आबाची आठवण त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत झाली नाही.

फागीचंही प्रकरण वेगळंच वळण घेऊन बसलं. ओढ्यापलीकडचा तिचा उतार करवंदीच्या जाळ्यांनी आणि बोरींनी गच्च भरला होता. तिच्या नवऱ्याने दोन उन्हाळे कोयता चालवला होता आणि तिसऱ्या उन्हाळ्यात कोयता टाकून मुंबईला गोदीत गेला होता. उंटीण चुकार होऊन तिथे पाच-सात दिवस चरली आणि उतार मोकळा झाला.

फागी पुन्हा नाक्यावर आली. पंत खुर्चीतून अर्धे उठले, विळा शोधू लागले.

"बस, बस," फागी म्हणाली. "तुझी सासूबाय माझ्या उतारावर अजून चार रोज धाड. यंदा तिथं नागली घालीन म्हणते. आन् हे घे, कुटुंबाला." तिने पानात बांधलेला मोहोळाचा मध टेबलावर ठेवला.

मग पाड्यावरून आमंत्रणंच येऊ लागली. कोणाचं टेपाड, कोणाचा बांध. ढवळू तोऱ्यात उंटीण फिरवायचा. तिकडे बैलगाडीवाले मात्र घाबरले. उद्या भार उंटावरून गेला तर आमच्या बैलांनी काय करायचं, म्हणून अर्ज घेऊन आले. पंतांनी त्यांना उंटिणीची खोगिराशिवायची पाठ दाखवली आणि म्हणाले, "ही ओझं नेत नाही. ही फक्त खाते आणि ऐकते." गाडीवाल्यांना स्वतःच्या घरातलं कोणीतरी आठवलं असावं. ते हसत परत गेले.

सारं बरं चाललेलं असताना माणूस घाबरतो. दुधाच्या विसाव्या दिवशी राहीबाईंना पुन्हा कणकण आली. एकच दिवस आली, कोयनेलने उतरलीही. पण पंतांनी ती एक रात्र भिंतीला टेकून काढली आणि पहाटे चरवी घेऊन गेले तेव्हा दोन सड झाल्यावर त्यांचा हात थांबला नाही. तिसऱ्याला गेला. पिल्लू बाजूला ढुशा देत होतं. "थोडंच," पंत त्याला म्हणाले. "तुला पुढे सगळं आयुष्य आहे." दुसऱ्या दिवशीही थोडंच. तिसऱ्या दिवशी ती रीत झाली.

एकतिसाव्या दिवशी, होळीला अजून वेळ असताना, जेसंग आला. उंटिणीने लांबूनच वास घेऊन गळ्यातून असा काही आवाज काढला की नाक्यावरच्या गाड्यांचे बैल बुजले. जेसंगने तिची मान थोपटली. मग पिल्लाच्या अंगावरून हात फिरवला. हात बरगड्यांवर थांबला. त्याने उंटिणीच्या कासेकडे पाहिलं, मग पंतांकडे.  ती नजर पंतांना आजवर मिळालेल्या सगळ्या ताशेऱ्यांहून जड गेली.

"उद्या पहाटे घाटावर निघू, साहेब. डेरा त्र्यंबकालाच पडलाय," तो एवढंच म्हणाला.

"तसं निघता येणार नाही." पंतांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "वरच्या कचेरीचा निकाल यायचा आहे. खुलासा गेलेला आहे. आणखी अकरा दिवस तरी... नियम आहे."

हे खरंच होतं. अठरा वर्षांत नियम पहिल्यांदाच पंतांच्या बाजूने उभा राहिला होता आणि पंतांना त्याच्याकडे मान वर करून बघवत नव्हतं.  

राहीबाई तीन पायऱ्या उतरून खाली आल्या. सरळ पिल्लापाशी गेल्या आणि त्याच्या पाठीवर पदर फिरवला.

"अहो," त्या म्हणाल्या, "गडू भरून यायला लागला तेव्हाच मला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मलाही जगायचं होतं."

"राही..." पंतांच्या तोंडून चारचौघांत पहिल्यांदा तिचं नाव निघालं. "अकरा दिवस उरलेत गं. वैद्यबुवांनी बेचाळीस सांगितलेत. मध्येच सोडलं आणि पुन्हा..." 

"पुन्हा आलं तर पुन्हा बघू. पण याचं तोंडचं काढून मी बरी झाले, तर ते बरं होणं मला पचायचं नाही." मग जेसंगकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, उद्याची पहाट कशाला? आजच न्या. चारी सड त्याचे."

 पंतांनी ढवळूला न सांगता स्वतःच बांबू उचलला. नोंदवहीत काय लिहिलं, ते कोणी वाचलं नाही. त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं.

गाढवं गेली. उंटीण गेली. तिच्या पायांत पिल्लू गेलं, आता मध्येच थांबून चारीतून कुठलाही सड धरत. आणि त्यांच्या मागोमाग राहीबाई चालू लागल्या. पंतांना वाटलं, चार पावलं जाईल आणि वळेल. राहीबाई बांबूखालून गेल्या, हद्दीच्या दगडापुढे गेल्या आणि मोखाड्याचा चढ चढू लागल्या.

"अगं! हद्द! अगं, चढ आहे!"

त्यांनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. कामाच्या वेळात नाका सोडायचा नाही, हा पहिला नियम. मागे चार गाड्या खोळंबल्या होत्या. ढवळूने पंतांच्या हातातून बांबू काढून घेतला. "जा तू," तो म्हणाला. पहिल्यांदा तो तू पंतांना टोचला नाही.

पंत धावले. पगडी टेबलावरच राहिली, उपरणं बाभळीला अडकलं ते तिथेच राहिलं. उंटीण पाहून मान हलवत येणाऱ्या गवताच्या भाऱ्यावाल्या दोन बायका वाटेत तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. चढाच्या निम्म्यावर पंतांच्या छातीचा भाता झाला, डोळ्यांपुढे काजवे आले. "राही, थांब!" ते ओरडायला गेले, पण धापेत ते विरलं.

वरच्या मोहाखाली राहीबाई थांबल्या होत्या. चढापलीकडे खाली दरीच्या वळणावरून उंटीण संथ जात होती. पंत पोचले आणि दगडावर कोसळल्यासारखे बसले. बोलता येईना, हातानेच "कशाला", "एवढं लांब", "तुझी तब्येत" असं काहीबाही विचारत राहिले.

"बसा, बसा. किती धाप लागली तुम्हाला!" राहीबाई पदराने त्यांना वारा घालू लागल्या.

पंतांनी वर पाहिलं. तिच्या कपाळावर घामाचे दोन थेंब होते. ओठ मिटलेले होते. खांद्यावरचा पदर हळू वर जात होता, हळू खाली येत होता. पंतांनी तिचे श्वास मोजायला सुरुवात केली. सात झाले, आठ झाले, मग त्यांनी मोजायचं सोडून दिलं.

"चला घरी," राहीबाई म्हणाल्या. "गाड्या खोळंबल्या असतील."

"खोळंबू देत," पंत म्हणाले आणि उठायला त्यांनी तिच्याकडे हात केला. "त्या पुढच्या वळणापर्यंत जाऊ. तिथून अजून दिसेल ती."